नकाशातला कोरडा झरा

माझा धंदा चुका काढण्याचा. हिंजवडीत मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी मन लावून केलेल्या कामात त्यांनी कुठे माती खाल्ली आहे ते शोधते आणि त्यांना गोड शब्दांत कळवते. बरीच वर्षं हे केलं की सवय अंगवळणी पडते. लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, हॉटेलचं बिल, शेजारणीच्या रांगोळीतला चुकलेला ठिपका, माझ्या तावडीतून काही सुटत नाही. नवरा म्हणतो, तुला स्वर्गात नेलं तरी आधी दाराच्या बिजागऱ्या तपासशील. तपासीनच. एवढ्या जुन्या दाराचा काय भरवसा?

नवरा बरोबर उलट. त्याच्याइतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे कौतुक म्हणून सांगत नाहीये. मिठाईच्या दुकानात नमुना म्हणून चाखलेली बाकरवडीसुद्धा तो वजनात धरायला लावतो. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होतात, म्हणून आमच्या घरी कुणाला “ते बाहेर गेलेत” असं सांगायचं असेल तर मला जावं लागतं.

पुण्यात फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना एका पुस्तकात घडी घातलेला नकाशा सापडला. मागून कापड लावलेला, कडा कुरतडलेल्या. उघडला तर कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत बावधन. मी बावधनला राहते, त्यामुळे मला एखाद्या अनोळखी लग्नाच्या अल्बममध्ये आपलाच चेहरा दिसावा तसं झालं. विकणाऱ्याने चेहऱ्याकडे बघून भाव वाढवला आणि मी घासाघीस न करता घेतला. नवऱ्याला वाटलं, मला बरं नाही.

एक इंचाला एक मैल, असा तो इंग्रजांच्या वेळचा नकाशा. शाळेत भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा शिकवल्या होत्या, त्या परीक्षेपुरत्या. इथे मात्र त्या तपकिरी रेषा बघता बघता उभ्या राहायला लागल्या. दाटीवाटीने आल्या की कडा, ऐसपैस पसरल्या की माळ. आठवडाभरात मी स्वयंपाक करतानासुद्धा ओट्यावर नकाशा ठेवायला लागले. माझी दहाव्या मजल्यावरची कचेरी जिथे आहे, तिथे नकाशात नुसता माळ आणि एक विहीर. कासारसाईला धरणाचा पत्ता नाही, ओढा आपला वेडावाकडा चाललाय. आणि आमची सोसायटी? ती चक्क एका ओढ्यावर बसलेली.

हे कळल्यावर गप्प बसेन तर मी कसली. सोसायटीच्या बैठकीत उठून सांगितलं, अध्यक्षांची गाडी रोज ओढ्यात उभी असते. अध्यक्ष हसले. म्हणाले, “मॅडम, तो ओढा ब्रिटिशांच्या काळातला.” मी म्हटलं, “ब्रिटिश गेले, हे ओढ्याला कुणी कळवलंय का?” त्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं. तेव्हापासून अध्यक्ष माझ्याकडे असे बघतात, जणू तो ओढा मीच आणून सोडला.

तर या नकाशात, आज जिथे मुळशी धरण आहे त्या बाजूला, एका पठाराच्या टोकावर एक इवलीशी निळी खूण होती. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं, झरा. अख्ख्या पठारावर निळं काही नाही, फक्त एवढंच. मी लातूरकडची. आमच्याकडे टँकरच्या मागे घागरी घेऊन पळालेली माणसं आम्ही. पाण्याची एवढीशी निळी खूण दिसली तरी मला बरं वाटतं. आणि एवढ्या उंचावर, सगळ्या बाजूंनी कडे असलेल्या कातळावर पाणी निघतं कुठून, हेही बघायचं होतं.

म्हणून हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं पौडच्या रस्त्याला लागलो. पिरंगुट गेलं, भरे गेलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या, आणि पायथ्याला गाडी लावून आम्ही चढलो. हातात माझ्या कागद, नवऱ्याच्या मोबाईल. पठाराच्या टोकावर, खुणेच्या अगदी जागेवर पोचलो. तिथे खडकात एक उथळ खळगा होता. त्यात वाळलेली पानं, शेळीच्या लेंड्या आणि वेफर्सची रिकामी पिशवी. पाणी थेंबभर नाही.

मला वाटलं, माझंच मोजण्यात चुकलं. आम्ही सगळीकडे फिरलो, कातळ चाचपला, पुढच्या रविवारी परत आलो. तिसऱ्या खेपेला पाठीमागून आवाज आला.

“काय पडलंय का गं तुमचं हितं?”

साठीच्या पुढची बाई, नऊवारीचा काष्टा, हातात विळा. पठारावर जी दोन-तीन घरं उरली आहेत, त्यांतल्या एकात राहणारी. दोन म्हशी, थोड्या शेळ्या, आणि भाताचं एक खाचर. मुलगा भऱ्याजवळच्या कारखान्यात कामाला, सून-नातवंडांसह खालीच राहतो. मी तिला पहिल्यापासून मावशी म्हणायला लागले, आणि ती मला ‘बाय’.

मी म्हटलं, “मावशी, इथे झरा आहे का?”

“हितं?” तिने खळग्यात डोकावून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. “हितं कसला झरा? येडी का खुळी तू?”

“नकाशात आहे.”

“मग नकाशातच पी जा पानी,” म्हणाली, आणि एवढी हसली, एवढी हसली, की विळा खाली ठेवून खडकावर बसली. नवऱ्याने तिला आपली पाण्याची बाटली दिली. मला तिचं हसणं समजलं नाही. शहरातली माणसं उन्हात खड्डे हुंगत फिरताना बघून कुणीही हसेल, असं मी स्वतःची समजूत घालून घेतली.

मग आम्ही जातच राहिलो. झऱ्यासाठी म्हणून नव्हे, मावशीसाठी. ती तोंडाची फाटकी होती आणि मला अशी माणसं आवडतात. माझ्या बुटांना ती खेटरं म्हणायची, नवऱ्याच्या टोपीला टोपलं. माझं लग्नानंतरचं वजन, स्वयंपाकाला बाई ठेवणं, मूल एकच असणं, सगळ्यांवर तिची मतं होती आणि ती मागायला लागत नव्हती. चुका काढण्यात माझ्यावर ताण असलेली बाई मला प्रथमच भेटली होती. मधूनमधून ती विचारायची, “घावला का झरा?” आणि पदर तोंडाला लावायची.

मार्चच्या सुमाराला एकदा ती अंगणात बसलेली असताना मी नकाशा पसरला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण डोंगर बरोबर ओळखले. मग एकाएकी म्हणाली, “माज्या सासूचं म्हायेर हाय का गं ह्येच्यात?” गावाचं नाव सांगितलं. नवऱ्याने सवयीने मोबाईलवर बघितलं. तिथे नुसतं निळं, धरणाचं पाणी. माझा कागद मात्र धरणाच्या आधीचा. मी नदीवरून बोट फिरवत गेले आणि गाव सापडलं. काळे ठिपके, देवळाची खूण, कडेला आमराई.

“ही काळी ठिपकं म्हंजी घरं?”

“हो.”

“ह्यातलं तिचं कंचं?”

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला उत्तर देत आलेली मी, मला एक ठिपका निवडता येईना. मावशी बराच वेळ त्या गावावर बोट ठेवून बसली. म्हणाली, तिची सासू मरेपर्यंत उन्हाळ्यात पाणी उतरलं की कड्यावर जाऊन बसायची, देवळाचं काही दिसतंय का बघायला. आमच्या लातूरकडे पाणी आलं की लोक पेढे वाटतात. पाणी आल्यामुळे माहेर जातं, हे मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकत होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

मावशी उठली. “चल,” म्हणाली, “झरा झरा करत हुतीस न्हवं?”

घराच्या मागून, पठाराच्या खालच्या अंगाला, निळ्या खुणेच्या पार उलट दिशेला तिने आम्हाला नेलं. करवंदीच्या जाळीत वाकून शिरायचं, मग जांभळाच्या झाडाच्या मुळांना धरून उतरायचं. तिथे कातळाच्या कपारीत पाणी होतं. काळंभोर, स्थिर, आणि इतकं गार की दात शिवशिवले. दरवेळी तिच्या घरी जो पाण्याचा तांब्या मिळायचा तो इथला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ओंजळीने प्यायले, नवरा प्यायला, त्याने बाटली भरून घेतली. कुणाला सांगू नका, असं मावशी म्हणाली नाही. पाणी दाखवलं म्हणजे तोंड मिटायचं, हे तिकडे कुणाला सांगावं लागत नसावं. आम्हाला मात्र कुणीतरी ईमेलने कळवायला हवं होतं.

कारण घरी आल्यावर नवऱ्याने काय केलं? मोबाईलच्या नकाशात झऱ्याची नोंद केली.

त्याला हा नाद जुनाच. आपल्याला ठाऊक असलेली जागा जगाला सांगायची. बावधनचं प्रत्येक पंक्चरचं दुकान, चांदणी चौकातला बदललेला रस्ता, कुठल्या पेट्रोलपंपाचं स्वच्छतागृह स्वच्छ, सगळं तो भक्तिभावाने नोंदवतो. महिन्याअखेरीला मोबाईल त्याला कळवतो, तुमचे फोटो अमुक इतक्यांनी बघितले, आणि तो लाजतो. झऱ्याची बरोबर जागा, कपारीचा फोटो, खाली ‘बारमाही, पिण्यायोग्य, अप्रतिम’. मला दाखवून म्हणाला, “बघ, तुझ्या नकाशातली चूक दुरुस्त केली.” ही त्याची मला भेट होती. आणि मला, खरं सांगते, इतका आनंद झाला. इंग्रज सरकारची चूक आणि ती पकडणारी कोण, तर लातूरची मी! ऑफिसात दोन दिवस सांगत फिरले.

मे महिन्यात वर गेलो तर मावशी अंगणात उभीच होती. आमच्याकडे बघून तिने शेळीला शिवी दिली. शेळी तिथे नव्हती.

“कुनाला सांगितलं?” म्हणाली.

झालं असं होतं की आधी मोटारसायकलवाली पोरं आली, कपारीत पाय सोडून बसली, बाटल्या टाकून गेली. त्याचं तिला फारसं काही नव्हतं, तिने दगड मारून हाकलली. पण त्यांच्यामागून एक प्लॉटवाला आला होता. त्याला फार्महाऊससाठी अख्खा उतार हवा होता, आणि त्याचं म्हणणं एकच, पाणी असलं तर घेतो, नाहीतर नाही. त्याने मोबाईलवर झरा पाहिला होता. अजून जागा बघितली नव्हती, कारण त्या दिवशी त्याचे बूट चढणीचे नव्हते. येत्या रविवारी येणार होता, मावशीच्या चुलतदिराला घेऊन.

“मग तुम्ही नाही म्हणा ना,” मी म्हटलं.

“माजं न्हाई कोन इचारतंय? सातबाऱ्यावर अख्खी भावकी हाय. चिंचवडला ऱ्हात्यात समदी. त्यास्नी हितलं काय पायजे? झरा आटला म्हनून मी कवाच सांगून टाकलंय त्यास्नी, म्हनून तर गप हायेत. पानी हाय म्हनलं की उद्याच अंगठं उठवत्याल. मग मी आन् माज्या म्हशी जायाच्या कुटं?”

तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी कधी असं हळू बोलली नव्हती. नवऱ्याचे कान लाल झाले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने मोबाईल काढून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, “मावशी, मी केलं हे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. “आरं द्येवा,” म्हणाली. “आज्जेसासऱ्यानं येवडं सायबाला येडं केलं, आन् तू एका बोटानं समदं घालवलंस.”

मग ती गोष्ट बाहेर आली. तिला ती सासूने सांगितलेली, सासूला तिच्या सासऱ्याने. माझ्या हातातला नकाशा करायला मोजणीवाले आले, तेव्हा साहेबाचे तंबू या पठारावर पडले होते. वस्तीवरच्या लोकांचा एक आडाखा होता. मोजणीवाले ज्याच्यावर बोट ठेवतात, ते आपलं राहत नाही. साहेब पाणी कुठे आहे विचारत होता. नाही म्हणावं तर त्याला पटणार नाही, कारण माणसं आणि गुरं जगत होती. म्हणून आजेसासऱ्याने पठाराच्या पार दुसऱ्या टोकाचा खडकातला खळगा धुऊन काढला. अख्खी वस्ती खऱ्या झऱ्याचं पाणी घागरींनी आणून त्यात ओतायला लागली, अंधारात, तंबू उठेपर्यंत रोज. खऱ्या कपारीवर करवंदीचे काटे टाकले. साहेबाने खळगा पाहिला, त्याच पाण्याचा चहा प्यायला, आणि मान डोलावून कागदावर निळी खूण केली.

“बेडूक बी सोडला हुता त्येच्यात,” मावशी म्हणाली, “खरं वाटावं म्हनून.”

पुढे खाली खोऱ्यात धरण झालं, मोजलेली गावं पाण्याखाली गेली, आणि वस्तीवरच्या लोकांना आजेसासरा देवमाणूस वाटायला लागला. आता ही गोष्ट तीन तोंडांतून आलेली. मी तपासणारी बाई. ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. पण माझ्या हातात सरकारी कागद होता, त्यावर निळी खूण होती, आणि तिथे पाणी नव्हतं. एवढा पुरावा मला पुरे होता. इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, पण त्या सगळ्या हलगर्जीपणाच्या. मुद्दाम, घाम गाळून, बेडूक सोडून केलेली चूक मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आणि मावशी एकदम हसायला लागलो. नवरा मात्र हसेना. त्याला रविवार दिसत होता.

“काढून टाकतो नोंद,” तो म्हणाला.

“काढू नकोस,” मी म्हटलं. “त्याने बघितली आहे. काढलीस तर संशय येईल. हलव.”

“कुठे?”

मी नकाशातल्या निळ्या खुणेवर बोट ठेवलं.

घरी आल्यावर तो दोन दिवस मोबाईल हातात घेऊन खाली ठेवत होता. खोटी माहिती द्यायची म्हणजे काय! मी समजूत घातली, खोटी कशी? सरकारी नकाशात झरा कुठे आहे? तिथेच ना? तू फक्त सरकारचं म्हणणं पुढे कळवतोयस. कागदोपत्री आधार मिळाल्यावर त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं. फोटो काढला, ‘अप्रतिम’ काढलं, आणि खूण पठाराच्या दुसऱ्या टोकाला नेली. बदल मंजूर झाल्याचा निरोप आला तेव्हा तो देवापुढे जाऊन उभा राहिला. नैवेद्य होता की माफीनामा, मी विचारलं नाही.

रविवारी आम्ही प्लॉटवाल्याच्या आधी वर पोचलो. तो आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि यावेळी नवे कोरे चढणीचे बूट. बरोबर मावशीचा चुलतदीर, धापा टाकत. आम्ही कोण म्हणून विचारल्यावर मी म्हटलं, जुन्या नकाशांचा नाद आहे, त्या झऱ्यासाठीच आलोय. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मोबाईल बघत तो सरळ खळग्याकडे चालत गेला. आम्ही सगळे मागे. खळग्यात पानं, लेंड्या, वेफर्सची तीच पिशवी.

“इथे दाखवतंय,” तो म्हणाला.

दीर डोकं खाजवत होता. “मला वाटतं, वयनी, त्यो खालच्या अंगाला हुता.”

मी पटकन माझा नकाशा पसरला. “हे बघा, इंग्रजांच्या वेळचा. यातही इथेच.”

प्लॉटवाल्याने मोबाईल नकाशाशेजारी धरला. शंभरेक वर्षांच्या अंतराने काढलेले दोन नकाशे आणि खूण एकाच जागी. दिराने दोन्हींकडे बघितलं, मग खळग्याकडे, मग परत नकाशांकडे. “मग हितंच आसंल,” म्हणाला. “म्या ल्हान हुतो तवा.” मला त्याची जराशी दयाही आली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाणी त्याने छापील कागदापुढे सोडून दिलं.

प्लॉटवाल्याने वाकून बुटाने पानं उकरली. “आटलेला दिसतोय. इथे तर बेडूकसुद्धा नाही.”

मी नवऱ्याकडे बघायचं टाळलं. मावशी तोंडावरची रेष न हलवता म्हणाली, “हुता. ग्येला.”

सगळं इथे संपायला हवं होतं. पण प्लॉटवाला खडकावर बसला, घाम पुसला, आणि नवऱ्याला म्हणाला, “साहेब, पाणी आहे का हो?”

नवऱ्याच्या हातात बाटली होती. सकाळी वर आल्या आल्या त्याने ती कपारीत भरून घेतली होती, सवयीने, कुणाच्या लक्षात न येता. त्याने ती पुढे केली. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. प्लॉटवाल्याने घटाघटा घेतलं आणि बाटली तोंडापासून लांब धरून तिच्याकडे बघितलं.

“काय गार आहे हो! आणि गोड. कुठलं?”

माझं तोंड उघडलं, पण त्याने मला विचारलं नव्हतं. नवऱ्याचे कान लाल व्हायला लागले. मावशी म्हशींकडे बघत होती, आणि तिचा हात पदराच्या टोकाला इतका घट्ट गुंडाळलेला होता की बोटं पांढरी पडली होती. मला माझा नवरा पुरता ठाऊक होता. हा माणूस बाकरवडीचे पैसे देतो. आता हा सांगणार.

“बावधनचं,” नवरा म्हणाला. “फिल्टरचं.”

आणि वर, मला आजही खरं वाटत नाही, त्याने जोडलं, “बाटली स्टीलची आहे ना, त्यामुळे गार राहतं.”

प्लॉटवाल्याने बाटली उलटसुलट करून बघितली, कंपनीचं नाव विचारलं, आणि उठला. जाताना दिराला म्हणाला, पाणी नाही तर मला काय उपयोग, खालून पाइप ओढायचे म्हणजे धंदा बुडाला. दीर मावशीला म्हणाला, “येतो वयनी.” ती म्हणाली, “च्या घ्येऊन जा की.” खोऱ्यातल्या माणसांचा आग्रह असा, की ज्याला घालवायचंय त्यालाही चहा विचारतात. त्यांनी नको म्हटलं.

ते खाली दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो. मग मावशी नवऱ्यासमोर आली. मला वाटलं, आता काहीतरी तिखट ऐकवेल. तिने त्याच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली, करवंदीच्या जाळीकडे गेली, आणि भरून आणून त्याच्या हातात दिली. “ह्ये घे,” म्हणाली, “बावधनचं.”

उतरून पायथ्याशी आल्यावर तो म्हणाला, “मला वाईट वाटत नाहीये. त्याचंच वाईट वाटतंय.” मी त्याचा हात धरला. आमच्या वयाला शोभत नाही, पण धरला.

त्याच आठवड्यात त्याने मोबाईलवरच्या त्या झऱ्याला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘प्रत्यक्ष जाऊन पाहिले. पाणी नाही. चढण कठीण. जाण्यात अर्थ नाही.’ शब्द न् शब्द खरा. नोंदीला वर्ष झालं, पठारावर कुणी फिरकलेलं नाही. मावशी अजून विचारते, “घावला का झरा?” आणि मी म्हणते, नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी नवऱ्याला वाचायला दिला. त्याने सगळा वाचला आणि म्हणाला, “झाडाचं नाव खरं लिहिलंस?” मी म्हटलं, आठवणीच आहेत, खरंच लिहायचं असतं. तो पेन घेऊन बसला. त्याने ते झाड खोडून तिथे जांभूळ लिहिलं, काटेरी जाळीच्या जागी करवंदी लिहिली, आणि झरा पठाराच्या ज्या अंगाला होता ते अंगही बदललं. त्याच्या कानांकडे मी नीट बघितलं. ते अजिबात लाल झाले नव्हते.